आठ साप, ऐंशी रुपये

रंगीत प्रिंटला पानामागे दहा रुपये. साप काळा-पांढरा असला तरी दहाच. 'सर, कलरच्या मशीनवर काढलं की कलरचाच रेट,' असं ती झेरॉक्सवाली मुलगी म्हणाली. तिला मी सहावी ते आठवी चित्रकला शिकवलेली आहे. काळा आणि पांढरा हे रंगच नव्हेत, हे तिला मीच शिकवलं होतं.

साप माझे नाहीत. भाचा ओहायोत असतो, त्याने तिथे तळघरात कॅलिफोर्नियाचे किंगस्नेक पाळलेत. आपल्याकडे धामण घरात ठेवली तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली वनखातं दारात येईल. तिकडे काचेची पेटी, दिवा, पाण्याची वाटी आणि फ्रीझरमध्ये उंदीर, असा रीतसर संसार. थंडीचे दोन-तीन महिने सापांना गारठ्यात उपाशी झोपवून झालं होतं, आता जोड्या लावायच्या होत्या. त्याने आठ फोटो पाठवले आणि लिहिलं, 'मामा, तू ड्रॉइंग मास्तर. रंग आणि नक्षी बघून जोडी सांग.'

एकतीस वर्षं नोकरी केली, पण माझ्या नजरेला घरातल्या कुणी विचारल्याची ही पहिलीच वेळ. घर रंगवताना बायकोने रंगाऱ्याला विचारलं होतं. घर पिस्त्याच्या रंगाचं आहे.

मोबाइलची काच तडकलेली, त्यामुळे प्रत्येक सापावर एक जादा पट्टा दिसत होता. म्हणून पेनड्राइव्ह घेऊन भर दुपारी वेंगुर्ल्याच्या बाजारात गेलो. तिथे आबा बसले होते.

आबांना मी नावाने ओळखत नाही, कोणीच ओळखत नाही. लग्नं जमवतात. पुतण्याच्या बायोडेटाच्या वीस प्रती काढायला आले होते आणि मशीन गरम झाल्यामुळे अर्धा तास थांबले होते, म्हणजे बोलायला भुकेले होते. माझं पहिलं पान बाहेर आलं आणि ते माझ्याआधी त्यांनी उचललं.

'मास्तरानू, मण्यार?'

'नाही हो. अमेरिकेतला आहे. बिनविषारी.'

'अमेरिकेची झाली तरी मण्यार ती मण्यार.'

मी शांतपणे दाखवलं, की मण्यारीचे पांढरे पट्टे दोऱ्यासारखे बारीक असतात, याचे बोटभर रुंद आहेत. आबांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद नाकाला लावला आणि म्हणाले, 'जाडी मण्यार.'

दुसरं पान आलं. हा माझ्या मनातला खास गडी. याला आडवे पट्टे नाहीत, डोक्यापासून शेपटीपर्यंत पाठीवर एकच उभी पांढरी रेघ, मधूनमधून तुटलेली, जणू ब्रशमधला रंग संपला आणि पुन्हा बुडवून ओढली. पूर्वी शास्त्रज्ञ पट्टेवाल्याला आणि रेघवाल्याला वेगवेगळ्या जाती समजत. १९३० च्या दशकात सान दिएगोच्या लॉरेन्स क्लॉबरने दाखवून दिलं, की एकाच मादीच्या अंड्यांतून दोन्ही नक्ष्यांची पिल्लं निघतात. हा क्लॉबर नोकरीने वीज कंपनीतला इंजिनिअर. आमच्याकडच्या वीज कंपनीतल्या माणसाला खांबावरचा फ्यूज दाखवायलाही दोन अर्ज लागतात, पण ते असो. माझ्या डोक्यात जोडी ठरलेली होती: रेघवाला नर, पट्टेवाली मादी. पिल्लं काय नक्षी घेऊन येतील ते अंडं फुटेपर्यंत कळू नये. यातच तर मजा.

हे सगळं मी आबांना सांगितलं. चूक माझीच.

'म्हणजे सोयरिक बघतास!' आबा खुर्ची सरकवून जवळ आले. 'आधी नाय सांगूचा? मी बावीस लग्नां जमवलंय. एकय मोडूक नाय. नवरो खयचो?'

'हा. याच्या खालचा.'

'मिशी नाय, कसो ओळखलास?'

'नराची शेपूट मुळाशी जाड असते. नक्की करायचं तर जाणकार बारीक सळई घालून बघतात.'

आबांनी पाय जवळ घेतले. 'आणि ही दोघां एकमेकांची कोण?'

इथे मी खोटं बोलायला हवं होतं. 'यातली काही सख्खी भावंडं आहेत,' मी म्हणालो. 'लपलेला रंग बाहेर काढायला काही लोक भावंडांचीही जोडी लावतात.'

'शी शी शी!' झेरॉक्सवाल्या मुलीनेही मान वर केली. मामाची मुलगी या नात्यावर आबांनी बावीसपैकी निदान पाच लग्नं जमवली असतील, पण इथे त्यांनी कानांना हात लावले.

मग पाचवं पान आलं. पान कोरंच होतं. नीट बघितल्यावर मध्यभागी दोन गुलाबी ठिपके दिसले. तो अल्बिनो होता. अंगात काळं द्रव्यच नाही, फिकट जांभळट झाक आणि लाल डोळे. मशीनला ती झाक झेपली नाही, तिने फक्त डोळे छापले. कोऱ्या कागदाचेही दहाच रुपये.

'ह्या चेडू कोण?' आबांचा आवाज एकदम मऊ झाला. 'गोरापान!'

मी समजावलं, की हे गोरेपण आई आणि बाप दोन्हीकडून आलं तरच दिसतं. दिसायला काळीपांढरी, पण आत ते दडवून बसलेली दोघं एकत्र आली, तर सरासरी चारांत एक पिल्लू गोरं निघतं. उरलेल्या तिघांपैकी दोन गुपित बाळगतात, पण कोणती दोन ते दिसून कळत नाही. म्हणून विकणारे तिघांवरही लिहितात, '६६ टक्के हेट', म्हणजे गुपित आत असण्याची शक्यता तीनांत दोन.

'सहासष्ट?' आबा म्हणाले. 'बरे असत. आमच्या पुतण्याक दहावीक बावन्न.'

शेवटी राहवलं नाही म्हणून मी सांगून टाकलं, की याला किंग म्हणतात ते हा दुसरे साप खातो म्हणून. विषारी रॅटलस्नेकसुद्धा. जोडी एकत्र सोडण्याआधी मादीला पोटभर जेवायला घालावं लागतं, नाहीतर ती नरालाच गिळू शकते.

दुकानात पंख्याचा आवाज तेवढा राहिला.

'नवऱ्याक खाता?'

'कधीकधी.'

'पत्रिका बघूक नाय, म्हणून,' आबा म्हणाले. त्यांनी दोन कोरी पानं उचलून माझ्यासमोर शेजारी शेजारी ठेवली. 'ही दोघां गोरी. हीच लावा. पोरां सगळी गोरी होतली. नाव घेतील तुमचा.'

ते बरोबर बोलत होते, याचाच जास्त राग आला. दोन्ही अल्बिनो एकाच घराण्याचे, म्हणजे पिल्लं शंभर टक्के गोरी. त्यांच्या हातातल्या बायोडेटावर खाली ठळक होतं, 'अपेक्षा : गोरी, सुस्वभावी'. माझ्या बहिणीला, म्हणजे याच भाच्याच्या आईला, तीन ठिकाणांहून 'रंग जरा' एवढाच निरोप आला होता. त्या निरोपानंतर ती महिनाभर सायीत हळद कालवून तोंडाला लावत होती. मी तेव्हा कॉलेजात रंगसंगती शिकत होतो.

संध्याकाळी भाच्याला दीड पानाचा मेसेज टाइप केला: रेघ, पट्टे, तुटक ब्रश, क्लॉबर, सगळं. दोन मिनिटांत उत्तर आलं, 'थँक्स मामा! अल्बिनो-अल्बिनो लावतोय. पांढरी लगेच जातात.' खाली अंगठा. स्पेनच्या ग्रान कनारिया बेटावर माणसांनी पाळलेले हेच किंगस्नेक, पांढऱ्यांसकट, सुटून रानात गेले आणि तिथल्या सरड्यांचा फडशा पाडत सुटलेत, हे लिहायला घेतलं होतं. खोडलं. त्यालाही अंगठाच आला असता.

रात्री पानं जमिनीवर मांडली. सात साप आणि एक पुतण्या. वर्ण निमगोरा, उंची पाच फूट सहा इंच. आठवा, माझा रेघवाला, आबांच्या गठ्ठ्यात गेला होता आणि आबा साडेचारच्या एसटीने सावंतवाडीला प्रती वाटायला. बायोडेटावर फोन नंबर आहे. पण दहा रुपये आबांकडे मागायचे की मुलीकडच्यांकडे, ते अजून ठरत नाही.