‘अथर्व’ हे गणपतीचं नाव नाही

बारशाच्या दिवसांत व्हॉट्सॲपवर नावांची एक यादी फिरते. तीत ‘अथर्व – गणपतीचे एक नाव’ असं असतं. हे चूक आहे.

गोंधळ गणपती अथर्वशीर्षामुळे झाला असावा. पण त्या नावातला ‘अथर्व’ अथर्ववेदाशी जोडलेला आहे. स्तोत्राच्या शेवटच्या नमनात व्रातपती, गणपती, प्रमथपती, लंबोदर, एकदंत अशी नावं येतात. तिथे अथर्व नाही. उलट फलश्रुतीत ‘इत्यथर्वणवाक्यम्’ आहे, म्हणजे हे अथर्वण ऋषींचं वचन. दर चतुर्थीला आपण हे म्हणतो, जरा कान देऊन ऐका!

अथर्वन् हे फार जुन्या ऋषींचं नाव. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलात (६.१६.१३) त्यांनी मंथन करून अग्नी प्रकट केल्याचं सांगितलं आहे. पुढच्याच ऋचेत त्यांचा मुलगा दध्यङ् येतो, पुराणांतले दधीची ते हेच. मुंडकोपनिषदात ब्रह्मदेव ब्रह्मविद्या देतो ती ज्येष्ठ पुत्र अथर्वाला. या नावाचा ‘स्थिर, न ढळणारा’ हा अर्थ यास्कांच्या निरुक्तातल्या (वैदिक शब्दांचे अर्थ उलगडणारा जुना ग्रंथ) व्युत्पत्तीवरून आला आहे. अवेस्ता या पारशांच्या धर्मग्रंथातही अग्निपूजक पुरोहिताला याच्याच जवळचा शब्द आहे.

मुलाचं नाव अथर्व ठेवलं असेल तर ते बदलू नका, फार सुंदर नाव आहे. अर्थ तेवढा त्याला बरोबर सांगा.