दोन स्टारना उत्तर: आजीच्या कोपराबद्दल

नमस्कार मॅडम,

तुमचा अभिप्राय तीनदा वाचला. पहिल्यांदा राग आला, तिसऱ्यांदा नाही, म्हणून आता लिहितोय. इथे पहिल्यांदाच येणाऱ्यांसाठी थोडक्यात: मॅडमच्या बालगीतांच्या चॅनलसाठी आम्ही सहा ॲनिमेशन व्हिडिओ करतोय. पहिले दोन त्यांना आवडले. तिसऱ्याबद्दलची तक्रार अशी, की ताक घुसळणाऱ्या आजीचा हात रबराच्या नळीसारखा वाकतो, ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे, पदराचा रंग बदलला, व्हिडिओ बारा दिवस उशिरा मिळाला आणि "फुकटच्या सॉफ्टवेअरवर काम करून पैसे मात्र पूर्ण घेतले".

उशिराचं आधी बोलतो. ती चूक सरळ माझी. दुसरा व्हिडिओ दिला आणि आमच्या जुन्या सॉफ्टवेअरचं वर्षाचं भाडं भरायची वेळ आली. तीन कॉम्प्युटर, हिशेब डॉलरमध्ये. ते न भरता ओपनटूंझ या मोफत ॲनिमेशन सॉफ्टवेअरवर जायचं मी ठरवलं. निर्णय मला आजही पटतो, पण तो चालू कामात, अर्ध्यावर आणि तुम्हाला न सांगता घेतला. पंगत बसल्यावर आचारी बदलण्यातला प्रकार. सहा व्हिडिओ जुन्यावर पूर्ण करून मग बदललो असतो, तर हे उत्तर लिहायची वेळ आली नसती.

बारा दिवस गेले कुठे, तेही सांगतो. कटआउट पद्धतीत पात्र दर वेळी नव्याने काढत नाहीत. लहानपणी पुठ्ठ्याचा बाहुला करून खांद्याला, कोपराला टाचणी टोचायचो, तसंच. दंड वेगळा, मनगटापर्यंतचा हात वेगळा, पंजा वेगळा. तुमची आजी त्रेचाळीस तुकड्यांची आहे. जुन्या सॉफ्टवेअरची फाइल ओपनटूंझमध्ये उघडत नाही. तुकड्यांची चित्रं पीएनजी, म्हणजे साध्या चित्राच्या फायली, करून बाहेर काढता आली, टाचण्या मात्र मागेच राहिल्या. कुठला तुकडा कुणाला जोडलाय, कुठल्या बिंदूभोवती फिरतो, हे सगळं पुन्हा बसवावं लागलं. मी दोन दिवसांचं काम धरलं होतं. माझा अंदाज किती चुकला ते तुम्ही भोगलंत.

आता कोपर. हात दोन तुकड्यांचा असला की तो वाकल्यावर सांध्यावर बाहेरची काळी रेघ मध्येच दिसते. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ती झाकायची तयार सोय होती. ओपनटूंझमध्ये तशी सापडली नाही, म्हणून आमच्या स्टुडिओतल्या मुलाने दुसरा रस्ता धरला: पूर्ण हात एकसंध काढायचा, त्यावर त्रिकोणांची जाळी टाकायची आणि 'प्लास्टिक' नावाच्या टूलने ती वाकवायची. रेघेचा प्रश्न मिटला. पण त्या जाळीत कुठला भाग ताठ राहायचा हे रंगवून सांगावं लागतं आणि ते आम्ही केलंच नाही. हाडाचा भाग आणि सांधा सारखाच मऊ राहिला. रवीची दोरी ओढताना आजीचा हात मनगटापासून खांद्यापर्यंत कमानीसारखा वळायला लागला. ताक घुसळताना हात सतत मागे-पुढे होतात, त्यामुळे दोष चाळीस सेकंद डोळ्यांसमोर नाचत राहिला. तुमचं 'रबराची नळी' हे वर्णन आम्ही स्टुडिओतल्या फळ्यावर लिहून ठेवलंय. आता दंड आणि मनगटापर्यंतचा भाग ताठ रंगवलाय, कोपरापाशी दोन बोटांएवढीच जागा मऊ ठेवलीय.

ओठांचं कारण सांगताना जरा लाज वाटते. आवाजाची फाइल ऐकून कुठल्या क्षणी तोंडाचं कुठलं चित्र लावायचं, याची यादी काढून देणारं र्‍हुबार्ब नावाचं मोफत साधन आहे. मुळात ते बोलणं इंग्रजी आहे असं धरून चालतं. इतर भाषांसाठी त्यात निव्वळ ध्वनीवर चालणारी वेगळी पद्धत आहे, ती निवडावी लागते. आम्ही निवडली नाही. मग मराठी गाण्यात त्याने इंग्रजी शब्द शोधले आणि 'म'ला आजीचं तोंड उघडं राहिलं. पद्धत बदलली, आणि प, फ, ब, भ, म या अक्षरांचे ओठ मी स्वतः बसून तपासले.

पदराबद्दल मात्र मी माघार घेणार नाही. जांभळा नको, डाळिंबी करा, असा तुमचाच निरोप व्हॉट्सॲपवर आहे. दुसरा व्हिडिओ दिल्यानंतर आला होता, म्हणून फरक तिसऱ्यात दिसतो.

आणि 'फुकटचं'. ओपनटूंझ हे मूळच्या इटालियन टूंझ सॉफ्टवेअरचं खुलं रूप. जपानच्या द्वांगो कंपनीने ते 2016 मध्ये सर्वांना मोकळं केलं. जपानचा घिबली स्टुडिओ टूंझ वापरत आला, हे नाव आम्हालाही मिरवता येईल, पण त्यांची चित्रं हाताने काढलेली, आमचा बाहुला तुकड्यांचा. उगाच त्यांच्या मांडीला मांडी लावत नाही. मुद्दा इतकाच, की तुमच्या बिलात सॉफ्टवेअरचं भाडं वेगळं कधीच नव्हतं. चित्रं काढणं, सांधे बसवणं, हलवणं, याच्या तासांचे पैसे असतात. तिसऱ्या व्हिडिओला तास जास्त लागले, ते मी लावले नाहीत आणि लावणारही नाही. भाडं वाचलं म्हणून दर उतरला पाहिजे, हा तुमचा प्रश्न चुकीचा नाही. फक्त यंदाची बचत या बारा दिवसांत आणि शिकण्यात गेली. पुढच्या वर्षीच्या दरपत्रकात मी तो विचार करीन.

एक गोष्ट तुमच्या फायद्याची आहे, ती आधीच सांगायला हवी होती. आजीच्या मूळ फायली आता तुमच्याकडेही राहतील. जुन्या पद्धतीत त्या दिल्या असत्या, तरी उघडायला तुम्हाला भाडं भरावं लागलं असतं. आता पूर्ण फोल्डर देतो. विंडोज असो, मॅक असो की लिनक्स, ओपनटूंझ उतरवून घेतलं की आजी उघडेल. उद्या आपलं पटलं नाही, तर दुसऱ्या कुणाकडून हीच आजी हलवून घेता येईल. शिकाऊ माणसाकडे मात्र देऊ नका. हे सॉफ्टवेअर कधीकधी मध्येच बंद पडतं, दर थोड्या वेळाने सेव्ह करायची सवय असलेला माणूस लागतो.

तिसरा व्हिडिओ दुरुस्त करून काल संध्याकाळी ड्राइव्हवर टाकलाय, जुनी लिंकच चालेल. 41व्या सेकंदाला, लोण्याचा गोळा काढताना, कोपर नीट बघा. अजून खटकलं तर पुन्हा करतो. उशिरापोटी तिसऱ्याचा शेवटचा हप्ता देऊ नका. उरलेले तीन आमच्याकडूनच करायचे की नाही, ते बघून कळवा. चौथ्याचं गाणं रेकॉर्ड झालंय, पण तुमचा होकार येईपर्यंत त्याला हात लावत नाही.

स्टारचं राहू द्या, आहेत तेवढे ठीक आहेत.