कॅमेऱ्यातला केल्विन म्हणजे दिव्याचा केल्विन नव्हे

प्रकाश किती पिवळट किंवा निळसर आहे हे केल्विनमध्ये सांगणारा आकडा म्हणजे रंगतापमान. तो मोजायची एक युक्ती बराच काळ या फोनवरून त्या फोनवर फिरते आहे. शब्द थोडेफार बदलतात, गाभा असा: "रंगतापमान मोजायला महागडा कलर मीटर कशाला? दिव्याखाली पांढरा कागद ठेवा, ऑटो व्हाइट बॅलन्सवर रॉ फोटो काढा, सॉफ्टवेअरमध्ये उघडा. टेम्परेचरच्या स्लायडरवर जो आकडा दिसेल, तेच त्या प्रकाशाचं रंगतापमान. रॉ असल्यामुळे आकडा खरा; फार तर ५० केल्विनचा फरक."

चार वाक्यांत पाच गफलती आहेत: ऑटोची, रॉची, सॉफ्टवेअरची, कागदाची आणि त्या ५० केल्विनची. कॅमेऱ्याने रंगतापमानाचा अंदाज येतो, आणि नीट केलं तर चांगला येतो. या रीतीने मात्र येत नाही. (व्हाइट बॅलन्स म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेली रंगदुरुस्ती; रॉ म्हणजे सेन्सरचे कच्चे आकडे जपणारी फाइल.)

"ऑटो व्हाइट बॅलन्स प्रकाश मोजतो"

सेन्सरपर्यंत पोचतो तो वस्तूवर आपटून परतलेला प्रकाश. पांढऱ्या भिंतीवर पिवळा दिवा आहे की पिवळ्या भिंतीवर पांढरा दिवा, हे सेन्सरच्या आकड्यांवरून ठरवता येत नाही. दोन्हीकडे आकडे सारखेच येऊ शकतात. म्हणून ऑटो अंदाज बांधतो: चौकटीतले सगळे रंग मिळून सरासरी करडी असावी, सर्वांत उजळ भाग बहुधा पांढरा असावा, वगैरे. शिवाय उत्पादकाने आपल्या आवडीची भर घातलेली असते. पिवळ्या दिव्याखालचा फोटो किंचित ऊबदार दिसलेला लोकांना आवडतो, म्हणून बरेच कॅमेरे मुद्दाम पूर्ण दुरुस्ती करत नाहीत. काहींत तर "वातावरण जपा" आणि "पांढरं जपा" असे ऑटोचेच दोन प्रकार असतात. दिवा तोच, पर्याय बदलला की केल्विन बदलतो! त्यातून ऑटोला मर्यादा असते. अनेक कॅमेऱ्यांत ती साधारण ३००० ते ७००० केल्विनच्या आसपास. २७०० चा दिवा या कुंपणाबाहेर आहे, तिथे ऑटो कुंपणालाच टेकून उभा राहतो.

खात्री करायची असेल तर कागदाचा फोटो काढा, मग कागद न हलवता चौकटीच्या निम्म्या भागात लाल कापड पसरा आणि पुन्हा काढा. दोन्ही फाइलींतला "अॅज शॉट" (फोटो काढताना कॅमेऱ्याने ठरवलेला) आकडा वाचा.

फाइलीच्या एक्झिफ नोंदीत (फोटोसोबत साठवलेल्या तांत्रिक माहितीत) केल्विन शोधणाऱ्यांसाठी जाता जाता: मूळ एक्झिफमध्ये व्हाइट बॅलन्सची नोंद फक्त "ऑटो" किंवा "मॅन्युअल" एवढीच असते. केल्विन असलाच तर तो कंपनीच्या खासगी मेकरनोटमध्ये, आणि काही कॅमेरे ऑटोवर असताना तिथे एकच ठरीव आकडा लिहून मोकळे होतात.

"रॉ फाइलमध्ये खरा केल्विन नोंदलेला असतो"

मुख्य गैरसमज हा. रॉ फाइलमध्ये व्हाइट बॅलन्स म्हणून जे असतं ते लाल, हिरव्या आणि निळ्या चॅनलचे गुणक. लाल इतक्या पटीने वाढवा, निळा तितक्या पटीने, म्हणजे अमुक वस्तू करडी दिसेल. केल्विन हे त्या गुणकांना नंतर चिकटवलेलं लेबल आहे.

लेबल कसं चिकटतं ते डीएनजी (रॉचाच एक खुला प्रकार) फाइलीत उघड दिसतं. तिच्यात सहसा त्या कॅमेरा मॉडेलसाठी दोन रंग-मॅट्रिक्स (सेन्सरचे आकडे प्रमाणित रंगांत बदलणारे तक्ते) असतात: एक प्रमाणित प्रकाश ए साठी (२८५६ केल्विन, टंगस्टन), दुसरं डी६५ साठी (६५०४ केल्विन, दिवसाचा उजेड). गंमत म्हणजे डी६५ आधी ६५०० चाच होता, ही ४ ची शेपटी नंतर चिकटली. कारण ज्या भौतिक स्थिरांकावर केल्विनचं गणित चालतं त्याचं मूल्य पुढे सुधारलं गेलं. सॉफ्टवेअर फाइलीतले गुणक घेतं, तापमानाचा एक अंदाज धरतं, त्या अंदाजानुसार दोन मॅट्रिक्सांचं मिश्रण करतं, त्यातून नवं तापमान काढतं, आणि आकडा स्थिरावेपर्यंत हेच पुन्हा पुन्हा करतं. शेवटी जे उरतं ते स्लायडरवर दिसतं.

आता दुसऱ्या सॉफ्टवेअरची मॅट्रिक्स वेगळी, काही सॉफ्टवेअर एकाच मॅट्रिक्सवर भागवतात, काही कंपनीच्या मेकरनोटचा आधार घेतात. त्यामुळे एकच फाइल, एकच ड्रॉपर ("हा ठिपका करडा धरा" असं सांगायचं साधन), कागदावरचा एकच ठिपका, तरी दोन सॉफ्टवेअरांत दोन केल्विन. यातला खरा कोणता, हा प्रश्नच चुकीचा आहे. फोटो दोन्हींत सारखाच करडा दिसतो, कारण त्यांचं काम तेवढंच आहे. जेपीईजी उघडलीत तर लाइटरूम केल्विन दाखवतच नाही, −१०० ते +१०० अशी पट्टी देतं. तो प्रामाणिकपणा आहे: व्हाइट बॅलन्स आधीच शिजवून टाकलेल्या फाइलीत केल्विनला अर्थ उरत नाही.

मॅट्रिक्स उत्तम असली तरी तिच्या मुळाशी एक तडजोड असते. सेन्सरवरच्या लाल-हिरव्या-निळ्या फिल्टरांची संवेदनशीलता माणसाच्या डोळ्याच्या प्रमाणित वक्रांशी तंतोतंत जुळत नाही. टंगस्टन किंवा सूर्यप्रकाशासारख्या सलग वर्णपटात हा फरक मॅट्रिक्स बऱ्यापैकी झाकते. एलईडीत ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळ्याचा टोकदार सुळका, मग खड्डा, मग फॉस्फरचा (निळा उजेड पिवळसर करणाऱ्या लेपाचा) पसरट उंचवटा असतो. ट्यूबलाइटमध्ये तर सुळक्यांची रांगच. सुळका फिल्टरच्या उतरत्या कडेवर पडला की डोळ्याला आणि सेन्सरला तो वेगवेगळ्या जोराने लागतो. लोक ही युक्ती वापरतात ती मुख्यतः एलईडीसाठीच, आणि ती सर्वांत जास्त फसते तीही तिथेच.

"टेम्परेचर कळलं की काम झालं, टिंट सोडून द्या"

तापवलेल्या काळ्या पदार्थाचे रंग एका वक्र रेषेवर पडतात: लालसर, पिवळा, पांढरा, निळसर. दिवा नेमका त्या रेषेवर असेल तर केल्विन हा एकच आकडा पुरतो. पण एलईडी आणि ट्यूब सहसा रेषेच्या थोड्या वर (हिरवट) किंवा खाली (गुलाबट) असतात. मग रेषेवरचा सर्वांत जवळचा बिंदू शोधून त्याचं तापमान दिव्याला देतात. ते सहसंबंधित रंगतापमान. रेषेपासूनचं अंतर हा दुसरा आकडा, त्याला डीयूव्ही म्हणतात. हे अंतर ०.०५ च्या पुढे गेलं तर रंगतापमान सांगूच नये असा सीआयईचा (प्रकाश आणि रंगाच्या आंतरराष्ट्रीय मानकसंस्थेचा) दंडक आहे. सॉफ्टवेअरमधला टिंट (हिरवट-गुलाबट स्लायडर) हा त्याच अंतराचा ओबडधोबड भाऊ. ४००० केल्विनचे दोन दिवे शेजारी लावले आणि एक हिरवट, एक गुलाबट दिसला, तर डोळ्यांना किंवा दिव्यांना दोष देऊ नका. दुसरा आकडा वाचलेला नसतो, इतकंच. (आणि दोन्ही आकडे जुळले तरी दोघांच्या उजेडात त्वचा किंवा लाल कापड सारखंच दिसेल याची हमी नाही. तो वर्णपटाचा विषय, केल्विनच्या आवाक्याबाहेरचा.)

"पांढरा कागद म्हणजे पांढरा"

प्रिंटरचा कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात उजळक घातलेले असतात. ते अतिनील किरण शोषून निळा उजेड बाहेर टाकतात. उन्हात अतिनील भरपूर, म्हणून कागद निळसर. साध्या पांढऱ्या एलईडीत अतिनील जवळजवळ नसतं, म्हणून तोच कागद तिथे आपल्या मूळ पिवळसर रंगावर येतो. थोडक्यात, दिवा बदलला की कागदाचा रंगही बदलतो. मोजपट्टीच लांब-आखूड व्हायला लागली तर माप कसलं?

तटस्थ ग्रे कार्ड वापरा. ते नसेल तर नळाच्या आट्यांना गुंडाळायची पांढरी टेफ्लॉन टेप घ्या आणि सपाट पट्टीवर खालचा रंग अजिबात दिसेनासा होईपर्यंत थरांवर थर चढवा. टेफ्लॉन दृश्य प्रकाशातले सगळे रंग जवळजवळ सारखे परतवतं आणि त्यात उजळक नसतात.

"फार तर ५० केल्विनचा फरक"

केल्विनची पट्टी समान अंतराची नाही. डोळ्याला जाणवणारा फरक मायर्डमध्ये मोजतात: दहा लाख भागिले केल्विन. २७०० वरून २८०० म्हणजे ३७० वरून ३५७, तेरा मायर्ड, नजरेला कळतो. ६५०० वरून ६६०० म्हणजे जेमतेम २.३ मायर्ड. कोणाच्याही लक्षात येणार नाही. तेव्हा "५० केल्विन" हे पट्टीच्या कुठल्या टोकाला, हे सांगितल्याशिवाय त्या अचूकतेला अर्थ नाही. खुद्द दिवेही इतके काटेकोर नसतात. एएनएसआय या अमेरिकी मानकसंस्थेच्या मानकात "२७००" या नावाखाली २७२५ ± १४५ आणि "६५००" खाली ६५३० ± ५१० चालतं. खोक्यावरच्या आकड्याशी आपला आकडा जुळला म्हणून पद्धत सिद्ध होत नाही, ती यामुळेच.

मग कॅमेऱ्याने काय करता येतं?

मोजता येत नाही, पण तुलना उत्तम करता येते. केल्विनचा स्लायडर विसरा आणि रॉमधल्या लाल-निळ्याच्या गुणोत्तरावर काम करा. त्यासाठी माहीत असलेले दोन प्रकाश लागतात. पहिला, साधा हॅलोजन: डिमरशिवाय, पूर्ण व्होल्टेजवर, रंगीत चमक मारणाऱ्या परावर्तकाचा नसलेला. व्होल्टेज ५ टक्के पडलं की फिलॅमेंटचं रंगतापमान साधारण २ टक्के घसरतं, म्हणजे ३००० ला ६० केल्विन. दुसरा, निरभ्र आकाशाखालचं भर दुपारचं ऊन, कार्ड आडवं ठेवून. ते साधारण ५५०० धरा.

कार्ड चौकटभर घ्या, फोकस थोडा सोडून द्या म्हणजे पोत जातो. दिवा चौकटीत नको, आसपास रंगीत भिंत नको, फोटो काढणाऱ्याचा शर्टसुद्धा भडक नको. व्हाइट बॅलन्स कुठलाही एक ठेवा, रॉच्या आकड्यांवर त्याचा परिणाम नाही. शटर मात्र जपून: ५० हर्ट्झच्या विजेवर दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो आणि ट्यूबचा तर त्या प्रत्येक लुकलुकीत रंगही बदलतो. १/२५ किंवा त्याहून संथ घ्या. ६० हर्ट्झ असेल तर १/३०. १/५०० वर घेतलेल्या फोटोत चौकटीच्या वरच्या आणि खालच्या भागाचे गुणोत्तर वेगळं येऊ शकतं. एक्स्पोजर असं की कुठलाही चॅनल भरून वाहणार नाही. कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) जेपीईजीचा असतो, त्यावर विसंबू नका. रॉचे कच्चे आकडे दाखवणाऱ्या रॉडिगरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाच्या मधल्या भागाची सरासरी वाचा.

इथे बहुतेकांचा पाय घसरतो तो ब्लॅक लेव्हलवर. पूर्ण अंधारातही सेन्सर शून्य लिहीत नाही; तो जो आकडा लिहितो ती ब्लॅक लेव्हल. समजा १४ बिटची फाइल आहे, ब्लॅक लेव्हल ५१२, आणि हॅलोजनखाली कार्डाचे आकडे आले लाल ३७१२, निळा १७१२. ५१२ वजा केले की ३२०० आणि १२००, गुणोत्तर २.६७. वजा करायचे राहिले तर २.१७. समजा याच कॅमेऱ्याने उन्हात ०.८९ दिलं. आता मायर्ड एका अक्षावर आणि गुणोत्तराचा लॉग (लॉगॅरिदम) दुसऱ्यावर मांडला की तापलेल्या पदार्थाच्या प्रकाशासाठी जवळजवळ सरळ रेषा येते. हॅलोजन ३००० म्हणजे ३३३ मायर्ड, ऊन ५५०० म्हणजे १८२. अनोळखी दिव्याचं गुणोत्तर १.६० आलं तर त्याचा लॉग या दोन टोकांच्या मधोमध, उन्हापासून ५३ टक्क्यांवर पडतो: १८२ अधिक ८१, २६३ मायर्ड, म्हणजे साधारण ३८०० केल्विन.

ब्लॅक लेव्हल विसरलेल्याला याच रेषेवर तो ३००० चा हॅलोजन ३३०० चा दिसेल. त्याने एक्स्पोजर दोन स्टॉपने, म्हणजे चौथ्या हिश्शावर, कमी केलं (लाल १३१२, निळा ८१२) तर ३८०० चा! दिव्याला कोणी हात लावलेला नाही. म्हणून पडताळणी सोपी आहे: एकाच दिव्याचे दोन स्टॉपच्या फरकाने दोन फोटो घ्या. गुणोत्तर हललं तर ब्लॅक लेव्हल चुकली आहे किंवा चॅनल भरला आहे.

हिरव्यासाठी वेगळा हिशोब ठेवा: हिरवा भागिले लाल-निळ्याच्या गुणाकाराचं वर्गमूळ. दोन्ही संदर्भांवर (हॅलोजन आणि ऊन) हा आकडा काढून मधला अंदाज घ्या. अनोळखी दिवा त्याच्या वर असेल तर हिरवट, खाली असेल तर गुलाबट.

एलईडीसाठी हे केल्विन अंदाजाचेच राहतात, शंभर-दोनशेचा आग्रह धरू नका. पण एकाच जातीच्या एलईडीत कोणता दिवा इतरांहून वेगळा आहे, जुना झाल्यावर त्याचा रंग सरकला का, मंद केल्यावर बदलतो का, हे गुणोत्तर बिनचूक सांगतं. लेन्स बदलली किंवा पुढे फिल्टर चढवला तर दोन्ही संदर्भ पुन्हा घ्यावे लागतील, कारण काचेवरच्या लेपालाही स्वतःचा रंग असतो.