'फक्त एक-दोन दिवस' थोडे नसतात
लेखात म्हटलंय की प्रायर ऑथोरायझेशनमुळे, म्हणजे औषध देण्याआधी इन्शुरन्सची परवानगी घ्यावी लागल्यामुळे, 'फक्त एक-दोन दिवस' उशीर होतो, हे अजिबात पटलं नाही. मी इथे अमेरिकेत फार्मसीत काम करते, मेडिकेडवरचा (कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) पेशंट ब्युप्रेनॉर्फिनचं (हेरॉइनसारख्या व्यसनावरच्या उपचाराचं औषध) प्रिस्क्रिप्शन घेऊन येतो, घामाने डबडबलेला, नाक गळतंय, हात थरथरतायत आणि स्क्रीनवर क्लेम रिजेक्ट, मग डॉक्टरकडे फॅक्स, तिकडून इन्शुरन्सला फॉर्म, शुक्रवार असला की गेलं सोमवारवर. हेरॉइन थांबल्यावर 12 तासांच्या आतच त्रास सुरू होऊ शकतो, तोवर त्याने काय करायचं? काहीजण परत येतच नाहीत हो.

2018 च्या कायद्याने मेडिकेडला ही औषधं कव्हर करायला लावली, डॉक्टरांची एक्स-वेव्हरची (ब्युप्रेनॉर्फिन लिहून द्यायला लागणाऱ्या खास परवान्याची) अटही 2022 च्या शेवटी गेली, मग काउंटरवरच का अडवायचं? काही राज्यांनी ही प्रायर ऑथोरायझेशनची अट काढून टाकलीये, बाकीच्यांनीही काढावी.