डब्याएवढा एअर प्युरिफायर आणि कोकणातली ओल

पाऊस तोंडावर आला की गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: ‘डब्याएवढा एअर प्युरिफायर घ्या. भिंतीची बुरशी जाते, सुक्या मासळीचा वास जातो. ४०० चौरस फुटांच्या घराला एक पुरतो. ९९.९७ टक्के शुद्ध हवा. दिवा लाल झाला की हवा विषारी समजा. वास जास्त असेल तर आयनचं बटण दाबा. फिल्टर धुवा आणि पुन्हा वापरा.’ यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे, बाकीची पैसे घालवणारी.

‘भिंतीची बुरशी जाते.’ नाही जात. प्युरिफायर म्हणजे पंखा आणि गाळणी, बस. बुरशीचे बीजाणू बहुतेक २ ते १० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात आणि हवेत तरंगणारे बीजाणू चांगल्या फिल्टरमध्ये अडकतात, इथवर मान्य. पण कपाटामागची बुरशी जगते ओलीवर, आणि हवेतलं पाणी हे यंत्र थेंबभरही काढत नाही. आर्द्रता ७०-७५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की चामड्याच्या चपला, पुस्तकांचे पुठ्ठे, प्लायवूडची पाठ यांना बुरशी धरते. जुलैत किनाऱ्यावर ती ८५-९० असते. प्युरिफायर रात्रभर चालवा, आर्द्रतामापकाचा आकडा जिथल्या तिथे.

ओल काढायला कॉम्प्रेसरचा डिह्युमिडिफायर लागतो, दिवसाला १०-१२ लिटर पाणी काढणारा, तोही दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत. (दुकानात त्याच्याच शेजारी मांडलेली, कॉम्प्रेसरऐवजी पेल्टियरच्या गार होणाऱ्या चकतीवर चालणारी छोटी डबी दिवसभरात जेमतेम पेला-दोन पेले काढते, ती नको.) आणि त्याच्याही आधी पावसापूर्वीची शाकारणी (कौलं नीट लावून घेणं), कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे, ओले कपडे झोपायच्या खोलीबाहेर. प्युरिफायरचा तर उलट एक धोकाच आहे: धूळ बसलेला फिल्टर दमट हवेत महिनाभर बंद मशीनमध्ये पडून राहिला तर बुरशी त्याच्यावरच धरू शकते. सुरू केल्यावर कुबट वास आला तर तो फिल्टर टाकून द्या.

‘४०० चौरस फुटांना एक पुरतो.’ इथे वही-पेन्सिल घ्या. पाहायचा आकडा म्हणजे सीएडीआर, मशीन तासाला किती घनमीटर हवा स्वच्छ करून देतं तो. आणि मोजायचं ते खोलीचं क्षेत्रफळ नव्हे, आकारमान. १० बाय १२ ची, १० फूट उंच खोली म्हणजे १,२०० घनफूट, साधारण ३४ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळून निघायला हवी, म्हणजे सीएडीआर १७० हवा. त्याच उंचीच्या ४०० चौरस फुटांना ५६० च्या वर. यूएसबीवर चालणाऱ्या डब्यांच्या खोक्यावर हा आकडा बहुधा छापलेलाच नसतो, आणि तो ५०-६० असला तर त्या एका खोलीतही तासाला दोनदा हवा फिरत नाही. शिवाय छापलेला आकडा सगळ्यात मोठ्या वेगाचा असतो. रात्री आवाज नको म्हणून स्लीपवर ठेवलात की तो निम्म्याच्याही खाली येतो.

हा हिशेबही स्लॅबच्या घराचा. कौलारू घरात आढं १४ फुटांवर, मधल्या भिंती वरपर्यंत टेकलेल्या नाहीत, कौलांच्या फटींतून वारा खेळतो. माजघरात लावलेलं मशीन ओटी-पडवीची हवा ओढत बसतं.

छापील आकड्यावर विश्वास नसेल तर घरी तपासता येतं. हातात धरायचा पीएम २.५ मीटर (हवेतले २.५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण मोजणारा) आणि एक उदबत्ती पुरते. कोरडा दिवस निवडा, खोली बंद करा, मूळ आकडा लिहून ठेवा. उदबत्ती दोन-तीन मिनिटं जाळून विझवा, पंखा मिनिटभर फिरवून धूर सारखा करा आणि पंखा बंद करा. अर्धा तास मशीन न लावता आकडा कसा उतरतो ते पाहा. मग तेच सगळं मशीन लावून. समजा, मूळ आकडा वजा जाता पहिल्या खेपेला २०० चे १४० झाले, दुसऱ्या खेपेला २०० चे ६०. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर ‘एलएन’ बटणाने (२०० भागिले १४०) चा लॉग ०.३६ येतो, (२०० भागिले ६०) चा १.२०. अर्ध्या तासाचे म्हणून दोन्हींची दुप्पट, वजाबाकी सुमारे १.७, गुणिले खोलीचे ३४ घनमीटर: सीएडीआर ५८. पहिली खेप वगळलीत तर धूर आपोआप खाली बसल्याचं श्रेयही मशीनला मिळतं.

‘९९.९७ टक्के.’ अर्धं खरं ते हे. हा आकडा फिल्टरच्या कागदाचा आहे, ०.३ मायक्रॉनच्या कणांसाठी, एका फेरीचा. खोलीतल्या हवेचा नव्हे. या दर्जाच्या फिल्टरला हेपा म्हणतात; खोक्यावर नुसतं ‘हेपा टाइप’ असेल तर तेवढाही भरवसा नाही. नवा फिल्टर प्लॅस्टिकच्या पिशवीत येतो आणि पुष्कळ घरांत पिशवीसकट चालतो, ती आधी काढा. महिन्याने फिल्टरच्या मागची, स्वच्छ हवेची बाजू पाहा: कडेने करडी रेघ दिसली तर हवा गाळणीला वळसा घालून जाते आहे.

मासळीचा वास कार्बनने जातो, हेपाने नाही. डब्यातल्या काळ्या जाळीवर कार्बन असतो काही ग्रॅम, आणि दमट हवेत त्याची भोकं पाण्यानेच भरतात. सुकट-बोंबील घट्ट झाकणाच्या बरणीत आणि स्वयंपाकघरात एक्झॉस्ट पंखा, हे स्वस्त. आयनचं, म्हणजे हवेत विद्युतभारित कण सोडणारं बटण बंदच ठेवा. त्यातून ओझोन निघू शकतो आणि तो फुप्फुसांना चुरचुरतो. धुवायची ती फक्त बाहेरची जाळी. हेपा भिजला की तंतूंवरचा विद्युतभार जातो, कण सुटून जातात आणि वाळवायला ऊन कुठलं?

लाल दिव्याचं म्हणाल तर तो लागला म्हणजे हवा विषारीच, असं नाही. मीठ ७५ टक्के आर्द्रतेला पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात बरणीत पाझरतं ते हेच. खाऱ्या वाऱ्यातले कणही तसेच फुगतात आणि दिवा चालवणाऱ्या लेझर सेन्सरला मोठे दिसतात. पेजेची वाफ सेन्सरपर्यंत पोचली तरी दिवा लाल होतो.

मग हे यंत्र कधी घ्यावं? फेब्रुवारी ते मे. भाजावळीचा (पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळण्याचा) धूर, डोंगरातले वणवे, महामार्गालगतची धूळ, आणि घरात दम्याचं माणूस. तेव्हा एकच बंद होणारी खोली, १७० च्या आसपास सीएडीआर, भिंतीपासून फूटभर लांब. ४० वॉटचं मशीन अहोरात्र चाललं तर दिवसाला साधारण एक युनिट. त्या खोलीत मच्छर अगरबत्ती मात्र लावू नका: एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींएवढे सूक्ष्म कण निघतात, असं २००३ च्या एका अभ्यासात मोजलं गेलं होतं. मच्छरदाणी बांधा. जूनमध्ये फिल्टर काढून, कोरडा करून, हवाबंद पिशवीत ठेवा आणि मशीन पुसून कपाटाच्या वरच्या फळीवर.