नाही, मुलगा ‘निवडायला’ परवानगी मिळालेली नाही

आपल्या लोकमान्य नगरच्या मराठी ग्रुपवर परवापासून मेसेज फिरतोय: ‘२०२१च्या कायद्याने टेस्ट ट्यूब बेबीत मुलगा-मुलगी निवडता येते, बंदी फक्त सोनोग्राफीला.’ खाली हात जोडलेले तीन इमोजी. साफ खोटं आहे.

१९९४चा गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा २००३पासून गर्भधारणेपूर्वीच्या निवडीलाही लागू आहे. टेस्ट ट्यूब बेबीसारख्या उपचारांवरच्या २०२१च्या कायद्याने तर तो फास आणखी आवळला. लिंगनिवडीची नुसती जाहिरात केली तरी ५ ते १० वर्षं कैद, नाहीतर १० ते २५ लाख दंड, किंवा दोन्ही.

टेस्ट ट्यूब बेबीत भ्रूण गर्भाशयात सोडण्याआधी त्याची तपासणी होते, हे मात्र खरं. पाचव्या-सहाव्या दिवशी बाहेरच्या थरातल्या, म्हणजे ज्याची पुढे वार होते त्या भागातल्या, मोजक्या पेशी काढून बघतात. आई-वडील दोघंही थॅलेसेमियाचे, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराचे, वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. अशा घरांसाठी ही सोय. हिमोफिलियासारखा (यात रक्त नीट गोठत नाही) लिंगाशी जोडलेला आजार असेल तरच लिंग बघायची मुभा. मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा हाच अपवाद ताणला. वंशाला दिवा नसणं हा काही आजार नव्हे!

‘हुशार, गोरं बाळ’ निवडून मिळतं, हेही थोतांडच. बुद्धीमागे शेकडो जनुकं आणि वर घरचं वातावरण, त्याची हमी कोण देणार?

मावशीने लगेच फोन करून विचारलं, “अगं, मग गुजरातेत जाऊन होईल का?” नाही मावशी. कायदा सगळ्या देशाला एकच आहे.