तो गाळ नळाचा नाही, सळईचा आहे

तो व्हिडिओ शेवटी घरच्या ग्रुपवरही आला. दोन ग्लास, एकात नळाचं पाणी, एकात आरओ मशीनने गाळलेलं. दोन्हींत सळया बुडवून बटण दाबलं की नळाच्या पाण्यावर गंजकट साका येतो, आरओचं पाणी होतं तसंच राहतं. खाली मजकूर: 'हे विष तुम्ही रोज पिता. टीडीएस 50 च्या वर गेला की पाणी पिण्यालायक नाही. आरओने सगळे जंतू मरतात.' (टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण.) काकूंनी लगेच मशीनची किंमत विचारली, म्हणून हा खटाटोप.

आधी तो साका. सळयांपैकी एक लोखंडाची असते. वीज वाहिली की लोखंड विरघळतं, त्याचं हायड्रॉक्साइड होतं आणि हिरवट-तपकिरी गाळ तरंगतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे वीज नीट वाहत नाही आणि सळई झिजत नाही. बस, एवढीच जादू! विक्रेता दारात आला तर त्याच्याच आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि पुन्हा बटण दाबायला लावा. तेही पाणी तितकंच घाण दिसेल. स्वतः मात्र हे करू नका, ते खेळणं थेट प्लगवर चालतं.

50 चा आकडा कुठून काढला, देव जाणे. भारतीय मानक आयएस 10500 (2012) लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत टीडीएस स्वीकारतं, दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत. शिवाय टीडीएसचं पेन फक्त पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं. लिटरभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये चमचाभर गटाराचं पाणी घाला, पेन खुशाल 'उत्तम' दाखवेल.

आरओने जंतू मरत नाहीत, मेम्ब्रेनच्या, म्हणजे आतल्या बारीक पडद्याच्या, अलीकडे अडतात आणि रिजेक्टच्या, म्हणजे टाकाऊ पाण्याच्या, नळीतून वाहून जातात. क्लोरीनने मेम्ब्रेन खराब होतं, म्हणून आधीचा कार्बन फिल्टर हे जंतू मारणारं क्लोरीन काढून घेतो. मग टाकीत साठलेल्या पाण्याला राखण कोणाची? टाकी धुतली नाही तर तिथेच जंतू वाढतात.

एक मात्र मान्य करावं लागतं. विदर्भातल्या पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा, जिथे जमिनीखालचं पाणीच खारं आहे, किंवा यवतमाळ-चंद्रपूरकडच्या फ्लोराइडच्या बोअरवेल, तिथे आरओ कामाचं. फ्लोराइड उकळून जात नाही, उलट पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं. पण अशा ठिकाणी मशीन बसवताना टीडीएस अ‍ॅडजस्टरच्या स्क्रूकडे नजर ठेवा. चव बरी लागावी म्हणून मेकॅनिक तो थोडा उघडा ठेवतो, आणि तेवढं पाणी मेम्ब्रेनला वळसा घालून फ्लोराइडसकट शुद्ध पाण्यात मिसळतं. फ्लोराइडच्या गावात तो पूर्ण बंद करून घ्या.